मोरूभाऊंची शिफारस

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांना सौंदर्यदृष्टी मोरेश्वर चुरी यांनी दिली. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. दोन्ही तालुक्यांनी ती मागितली नव्हती आणि मिळाल्यावर बरीचशी परत केली, हा भाग वेगळा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी डहाणूच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायला आलो आणि त्यांच्या वाडीतल्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो. सगळे त्यांना मोरूभाऊ म्हणत. मुंबईत एका जाहिरात कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तेव्हा घरोघरी दिसणाऱ्या एका साबणाच्या वेष्टनावरचं हिरवं पान त्यांच्या हातचं होतं. वडील गेले तेव्हा चिकूची वाडी बघायला कोणी उरलं नाही म्हणून ते परत आले, आणि चिकू बघायचं काम गड्यांवर सोपवून स्वतः गावाकडे बघू लागले. चिकूच्या करंड्या भरायच्या पडवीत त्यांनी स्टुडिओ थाटला होता. तिथे टर्पेंटाइन आणि पिकलेला चिकू यांचा एकत्र वास यायचा. मला अजून चिकू खाताना कुठेतरी पाटी ओली आहे असं वाटतं.

दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, पतपेढीच्या अहवालाचं मुखपृष्ठ अशी कामं स्टुडिओत होत. पण तो झाला व्यवसाय. त्यांचं खरं काम शिफारस करण्याचं.

शिफारस हा शब्द त्यांचाच. सल्ला कोणी विचारला तर द्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. शिफारशीला विचारण्याची वाट बघावी लागत नाही. घराला कोणता रंग द्यावा, पडद्याचं कापड कुठलं घ्यावं, सुटीत कुठे जावं, गेल्यावर कुठे उभं राहून काय बघावं, आणि काय बघू नये, यातल्या कशाबद्दलही बोलणं निघालं, आणि निघालं नाही तरी, भाऊ चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "माझी शिफारस आहे." या शब्दाची कीर्ती पसरत तलासरीपर्यंत गेली. एकदा तिकडचा एक गृहस्थ पिशवीभर नारळ घेऊन आला. इथल्या शिफारशीने एसटीत नोकरी लागते असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो तासाभराने परत गेला तेव्हा नारळ त्याच्याच हातात होते, आणि घराच्या ओट्याला गेरू लावावा की शेण याबद्दल त्याच्या मनात कायमची शंका होती.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पुस्तकांचं कपाट कुठे ठेवणार?"

मी दारासमोरची भिंत दाखवली.

"नको. आलेल्या माणसाला पुस्तकं दिसता कामा नयेत, मास्तर. तो लगेच मागतो. दाराच्या मागे ठेवा. दार उघडलं की कपाट झाकलं जातं. माझी शिफारस आहे."

मी कपाट दाराच्या मागे ठेवलं. तिथे होतो तोवर माझं एकही पुस्तक हरवलं नाही. त्यामुळे त्यांच्या बाकीच्या शिफारशींबद्दलही माझं मत काही काळ फार चांगलं होतं.

भाऊ दिसायला किरकोळ. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि ब्रश पुसायचा तो नेहमी डाव्या खिशालाच. कुठलाही सदरा चार दिवसांत त्या एका जागी असा रंगायचा की तो शिंप्यानेच तसा शिवून दिला असावा. सायकलला घंटी नव्हती. बाजारात मिळणाऱ्या घंट्यांचा आवाज त्यांना पसंत नव्हता, म्हणून ते तोंडाने "बाजू, बाजू" म्हणत जायचे. त्यांचा आवाज घंटीपेक्षा बरा होता असं मात्र कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

कुठलीही गोष्ट आधी मागून बघायची, हा त्यांचा नेम. "पुढची बाजू दाखवायला केलेली असते. तिथे बघण्यासारखं काय असणार?" महालक्ष्मीच्या जत्रेत अख्खा तालुका देवळाच्या पुढे रांगेत असताना ते मला देवळाच्या मागच्या भिंतीकडे घेऊन गेले आणि चुना कसा लावलाय ते दाखवत बसले. आम्ही वळून पुढे आलो तोवर दर्शन बंद झालं होतं. डहाणूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लोक समुद्राकडे तोंड करून बसत. भाऊ समुद्राकडे पाठ करून बसत आणि सुरूची झाडं बघत. "समुद्र काय, तो कुठे जात नाही," असं म्हणत. सुरूची झाडं कुठे जाणार होती, हे मी विचारलं नाही.

स्टेशनजवळ हिंमतभाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या पाटीवर दुकानाचं नाव तीन लिप्यांत, कापडाचे झाडून सगळे प्रकार, दोन देव, नमस्कार करणारी एक बाई आणि न करणारी एक, एवढं सगळं सुखाने नांदत होतं. भाऊंनी त्यांना पाटी बदलायची शिफारस केली आणि लगेच बदलूनही दिली. नवी पाटी गडद निळी होती. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पांढरा दोरा काढला होता आणि खाली कोपऱ्यात लहान अक्षरांत 'हिंमत' एवढंच. मला ती पाटी आवडली होती. मुंबईत ती नावाजली गेली असती.

आठवड्याने हिंमतभाई स्टुडिओत आले.

"मोरूभाई, बोर्ड एकदम फस्क्लास. पण गिराक आत येते ने विचारते, डॉक्टर कवा बसणार? काल एक बाय सुई मारून घ्यायला आली."

"म्हणजे आत येतात ना?" भाऊ म्हणाले. "आधी एवढी माणसं आत यायची का?"

हिंमतभाई विचारात पडले. व्यापारी माणूस; या मुद्द्यात तथ्य आहे की नाही याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग दुकानात जाऊन त्यांनी पाटीच्या त्या पांढऱ्या दोऱ्याखाली एक खरी दोरी बांधली आणि तिच्यावर एक लाल साडी वाळत घातल्यासारखी टाकली. डॉक्टर बंद झाला. भाऊ सायकलवरून जाताना थांबले, पलीकडच्या फुटपाथवर जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं." हे ते वर्षभर ज्याला त्याला सांगत होते. दुसऱ्याचं श्रेय त्यांनी कधी घेतलं नाही. स्वतःचंही दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला ते तयार असत, कारण त्या श्रेयाला बहुधा घेणारा नसे.

प्रवासाच्या शिफारशी जास्त धोक्याच्या. आमच्या ओळखीचे एक बँक मॅनेजर होते, कुळकर्णी नावाचे. ते सहकुटुंब उटीला निघाले होते आणि त्यांनी शिष्टाचार म्हणून भाऊंना विचारलं, तिकडे काय काय बघावं.

"उटीची पोस्टकार्डं चांगली निघतात," भाऊ म्हणाले. "ती मागवून घ्या. तुम्ही आपल्या सायवनच्या जंगलात जा. होळीच्या आधी, पहाटे, मोहाची फुलं पडतात तेव्हा. झाडाखाली नुसतं उभं राहायचं. वर बघायचं नाही."

"वर बघायचं नाही?"

"वर काय बघायचं? फुलं खाली पडलेली असतात."

कुळकर्णी उटीला गेले नाहीत असं नव्हे. पण त्याआधी एका रविवारी, बायकोच्या आग्रहाखातर, सायवनलाही गेले. पहाटे पोचायचं तर आदल्या दिवशीच जावं लागतं, हे भाऊंनी सांगितलं नव्हतं. परतीच्या गाडीचंही सांगितलं नव्हतं, कारण ती त्यांना सुंदर वाटत नसे. कुळकर्ण्यांनी ती रात्र शाळेच्या ओट्यावर काढली आणि पुढे बरेच दिवस ते भाऊंना बघून रस्ता बदलत. कुळकर्णीबाई मात्र उटीहून आल्यावर एका दुपारी सुमनवहिनींकडे येऊन बसल्या. उटीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. जाता जाता दारातून हळूच म्हणाल्या, "भाऊंना विचारा, पावसाळ्यात कुठे जावं."

सुमनवहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. नवऱ्याच्या शिफारशींपासून घर वाचवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बाहेरच्या खोलीतलं शोकेस, त्यातली प्लॅस्टिकची फुलं आणि त्यांनी स्वतः भरतकाम केलेले दोन पोपट त्यांनी कित्येक वर्षं लढून टिकवले होते. "यांचं डोकं मागच्या बाजूने बघायला हवं," त्या म्हणत. "पुढून काही कळत नाही." त्यांना एकच मुलगी, नंदिनी. ती वाणगावजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती. त्याच शाळेत प्रकाश राऊत नावाचा शिक्षक होता. त्या दोघांचं ठरलं होतं. आता ते मोठ्यांनी ठरवलं असं वाटायची व्यवस्था तेवढी करायची होती. तीही झाली. दोन्हीकडच्या नात्यातले एक काका मध्ये पडले, आणि मे महिन्यातल्या एका रविवारी राऊत मंडळींनी मुलगी बघायला यायचं असं ठरलं.

आता जे झालं ते सांगतो.

पाहुणे येणार म्हणून वहिनींनी चिवडा केला. भाऊंनी भिंत केली.

वहिनी चार दिवस माहेरी गेल्या होत्या ती संधी साधून त्यांनी शोकेस हलवलं, पोपट काढले, आणि बाहेरच्या खोलीच्या मोठ्या भिंतीवर माती थापून वर गेरू दिला. मग सायवनहून लाडकीबाईला बोलावणं पाठवलं. लाडकीबाई दरवर्षी हंगामात वाडीवर चिकू उतरवायला यायची, आणि एरवी तिकडच्या वारली लग्नांत धवलेरी असायची, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावून देणारी बाई. भाऊंनी तिच्या पाड्यावर एका लग्नघरात चौक पाहिला होता: तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेली चौकट, तिच्या कडेने नक्षीचे पट्टे, मध्ये त्यांची लग्नाची देवी, पालघट. जिल्ह्यात याच्याइतकी चांगली रचना दुसरी नाही, असं त्यांचं मत होतं. या बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

लाडकीबाई आणखी दोघींना घेऊन आली. भिंत बघून तिने पहिला प्रश्न विचारला.

"पोरीचा लगीन ठरला, भाव?"

"ठरेलच आता," भाऊ म्हणाले. त्यांचं लक्ष गेरूला पडलेल्या एका भेगेकडे होतं.

"कवा?"

"लवकरच."

एवढं बायकांना पुरे होतं. त्यांनी दोन दिवस बसून चौक लिहिला. काढला असं आपण म्हणतो. त्या लिहिला असं म्हणतात. लिहिताना नवऱ्यामुलीची गाणी म्हटली, आणि गाण्यात नंदिनीचं नाव घातलं. मी शाळेच्या सुटीमुळे घरीच होतो आणि मलाही ते सगळं फार रम्य वाटलं. वारल्यांमध्ये चौक लग्नात लिहितात, हे भाऊंना माहीत होतं. लग्न नसेल तर लिहीत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनी परत आल्या, भिंतीकडे बघत काही वेळ उभ्या राहिल्या, आणि पोपट कुठे आहेत एवढंच विचारलं.

पुढच्या बाजाराला लाडकीबाईच्या घरची माणसं वाणगावला गेली. राऊतांच्या शेतावरचे गडी तिथेच येत. डहाणूच्या चिकूवाल्या चुरींच्या घरी चौक लिहिला, पोरीचं लग्न लागणार, ही बातमी संध्याकाळपर्यंत राऊतांच्या ओट्यावर पोचली. राऊतांनी सरळ हिशेब केला: आपण अजून मुलगी पाहिली नाही, आणि तिकडे चौक लिहून झाला; म्हणजे स्थळ दुसरं. शनिवारी त्यांचे एक नातेवाईक डहाणूला दवाखान्यात आले होते, ते निरोप देऊन गेले. "मुलीचं ठरल्याचं कळलं. आनंद झाला. उद्या येत नाही, राग नसावा." जाताना हेही सांगून गेले की केळव्याचं एक स्थळ कधीचं मागे लागलंय, आता पुढच्या रविवारी राऊत तिकडे जाऊन नारळ देऊन पक्कं करून टाकतील.

घरात फोन नव्हता. शाळेला सुटी. प्रकाशला काय कळलं असेल आणि तो काय समजला असेल, हे विचारायची सोय नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "आधी ती भिंत चुन्याने पुसा."

लाडकीबाई त्या दिवशी डहाणूतच आली होती; भाऊंनी तिला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. "पालघट बसवलीय, भाव. लगीन लावल्याबिगर पुसायचा नाय." ती रागावली नव्हती. गाडी पुढच्या स्टेशनाआधी थांबणार नाही, हे सांगावं तसं तिने सांगितलं.

नंदिनी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होती. ती शांत मुलगी. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, भिंत खूप छान झालीय. आता माझ्यासाठी काय शिफारस आहे?"

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला, परत वर चढवला. "उद्या वाणगावला जातो," एवढंच म्हणाले. चष्मा वर चढल्यावर शिफारस आली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाहुणे यायचे होते त्याच रविवारी, आम्ही वाणगावला गेलो. मला बरोबर घ्यायची कल्पना वहिनींची. निघताना त्यांनी भाऊंकडून देवापुढे वदवून घेतलं की तिथे एकही शिफारस करणार नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, हे काही बोलायला लागले की तुम्ही खोका."

वाणगाव म्हणजे पुढचंच स्टेशन. तेवढ्या प्रवासात भाऊ एकदाच बोलले. "पोरगी माझ्यावर गेली असती तर ओरडली असती," म्हणाले. "आईवर गेलीय. ते जास्त वाईट."

राऊतांचं घर लांबूनच दिसलं, आणि माझा धीर सुटला. प्रकाशचे वडील नारायणराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्लॅबचं घर बांधलं होतं. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, ओठ लाल रंगवलेले. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, उन्हात घामेजल्यासारखा. आणि गच्चीवर पाण्याची टाकी होती ती रेल्वेच्या इंजिनाच्या आकाराची. पुढे बॉयलर, वर धुराडं, खाली चाकं, सगळं सिमेंटचं, अजून रंग न दिलेलं. त्या वर्षांत नवी घरं बांधणारे लोक गच्चीवर कमळं, मडकी आणि फुटबॉल बांधून त्यात पाणी साठवत. भाऊ त्याला गच्चीवरची खेळणी म्हणत आणि अशा घरांवरून जाताना सायकलवरही मान खाली घालत. पण एवढं मोठं खेळणं आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

मी खोकलो.

"मी काही बोललो का?" भाऊ म्हणाले.

नारायणरावांनी आम्हाला बसवलं, पण बसवण्यात थंडपणा होता. प्रकाश आतल्या दारात उभा राहिला आणि गेला नाही. भाऊंनी झालेला प्रकार आडपडदा न ठेवता सांगितला. कुठेच ठरलेलं नाही, कोणी दुसरं स्थळ नाही, चौक तेवढा लिहिलाय.

"थांबा," नारायणराव म्हणाले. "लग्न ठरलेलं नाही."

"नाही."

"आणि चौक लिहिलात."

"हो."

"का?"

भाऊंनी विचार केला. "भिंत रिकामी होती."

नारायणराव माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. दुसरं कारण मलाही माहीत नव्हतं.

"चुरीसाहेब, लाइन क्लिअर नसताना झेंडी दाखवलीत तुम्ही," नारायणराव म्हणाले. "आमच्याकडे यासाठी माणूस घरी बसतो."

"बाबा, ते खरं सांगतायत," प्रकाश दारातून म्हणाला. "असं खोटं कोण रचेल?"

नारायणरावांना हे पटल्यासारखं दिसलं, पण त्यांच्या मनातून काहीतरी गेलं नव्हतं. चहा आला. त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्चीत मागे रेलले.

"तुम्ही आर्टिस्ट. डहाणूत सगळ्यांची घरं बघून सांगता, असं ऐकलंय. कोणाची भीडभाड ठेवत नाही म्हणे. मग आमच्या घराबद्दल बोला की."

मी खोकलो. प्रकाशने मला पाणी आणून दिलं.

"मागून बघू का?" भाऊंनी विचारलं.

आम्ही सगळे घराला वळसा घालून मागे गेलो. मागे गिलावा राहूनच गेला होता, नुसत्या विटा. विहीर, तिच्याजवळ कपडे धुवायचा काळा दगड, तोंडल्यांचा मांडव, मांडवाखाली सुपात वाळत घातलेल्या मिरच्या आणि दोरीवर बोंबील. प्रकाशच्या आई खाली बसून मिरच्या पालटत होत्या. त्या पदर सावरून उठल्या. भाऊ एक डोळा मिटून बराच वेळ उभे होते.

"हे घर चांगलं आहे," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. मला त्यांचा आवाज माहीत होता. "वहिनी, हे सगळं तुमचं ना?"

"पुढे मला काय हात लावू देतात?" त्या म्हणाल्या. "मागचं तेवढं माझं."

"ते झालं," नारायणराव म्हणाले. "आणि पुढून?"

प्रकाश खाली बघत होता. मी खोकायचं विसरलो. भाऊंना खोटं बोलता येत नसे. तत्त्वाचा प्रश्न नव्हता. एखाद्याला पोहता येत नाही तसं ते त्यांना येत नव्हतं. आणि खरं बोलले असते तर केळव्याचा नारळ नक्की होता.

"पुढून ते इंजिन दिसतं," भाऊ म्हणाले.

"दिसणारच. त्यासाठीच बांधलंय."

"त्याला रंग नाही दिलात."

"माणूस मिळत नाही हो. इथले पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारे. चाक रंगवायला सांगितलं की बैलगाडीचं करतात. कोळशाचं इंजिन आहे, त्याचा मान राखणारा कोणी पाहिजे."

भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिथून दिसणाऱ्या धुराड्याच्या टोकाकडे एकदा नीट बघितलं.

"मी देतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"लग्नानंतर. घाईत चांगलं होणार नाही."

नारायणरावांनी एकदा धुराड्याकडे आणि एकदा भाऊंकडे बघितलं. मग बायकोला म्हणाले, "अगं, मोरूभाऊंना जेवायला थांबव." ते चुरीसाहेबांचे मोरूभाऊ कधी झाले हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसावं. जेवणात तेच बोंबील होते.

लग्न मे संपायच्या आत लावावं लागलं, कारण पाऊस आला असता तर ओल धरून भिंतीवरची माती टिकली नसती आणि लाडकीबाई दर दोन दिवसांनी येऊन भेगा बघून जात होती. आमच्या भटजींनी मांडवात मंगलाष्टकं म्हटली आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत चौकापुढे लाडकीबाईने आपली गाणी म्हटली. दोघांनीही एकमेकांसाठी आवाज कमी केला नाही. चौकाचा मात्र एकही फोटो नाही. तलासरीच्या डेकोरेशनवाल्याने त्याच्यापुढे निळा साटिनचा पडदा सोडला आणि त्यावर थर्मोकोलचे हंस लावले. ते हंस नारायणरावांना फार आवडले, म्हणून भाऊंनी ते राहू दिले. वहिनींनी मला नंतर सांगितलं की आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या माणसाला कशाला तरी "राहू दे" म्हणताना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्याच सुमाराला मला माझ्या गावाजवळ नोकरी मिळाली. निघायच्या आधी निरोप घ्यायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "ते वाणगावला आहेत. इंजिनावर."

मी वाणगावला गेलो. भाऊ गच्चीवर बॉयलरवर दोन्हीकडे पाय टाकून बसले होते आणि धुराड्याला काळा रंग देत होते. आभाळ भरून आलं होतं. नारायणराव खाली अंगणात खुर्ची टाकून, मान वर करून बसले होते.

"चाक आणखी लाल पाहिजे, मोरूभाऊ."

"हो."

"बफरला पिवळी कड."

"हो."

"इंजिनात ड्रायव्हर काढू का?" भाऊंनी वरून विचारलं. "खिडकी रिकामी दिसते."

"ड्रायव्हर नको," नारायणराव म्हणाले. "सगळी नोकरी मी मागच्या डब्यात काढली आणि नाव त्याचं झालं."

"मग इंजिन का बांधलंत? गार्डाचा डबा बांधायचा."

"डब्यात पाणी किती मावणार?"

भाऊंनी हे मान्य केलं आणि ब्रश डाव्या खिशाला पुसला. मी खालून नमस्कार केला. त्यांनी हात वर करून मला थोडं डावीकडे सरकायला सांगितलं. मी उजेडाच्या आड येत होतो. नंदिनी सासूबरोबर मागच्या अंगणातून मिरच्या आत नेत होती, हसत होती. बापाने लेकीला स्वतःच्या कलेपेक्षाही मोठं मानलं, आणि त्याची खूण म्हणून ते इंजिन तिथे कायम उभं राहणार, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

त्यात पाणी मात्र कधी चढलं नाही. विहिरीतून गच्चीपर्यंत पाणी ढकलायला पंप अर्ध्या अश्वशक्तीचा होता.